मल्टिपल स्क्लेरोसिस आणि थायरॉइड : थकव्यामागचा दुसरा आजार

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, झालेल्या माणसाला सर्वांत जास्त काय छळते असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते ते थकव्याचे. पायातली बधिरता किंवा डोळ्यापुढची अंधारी येते आणि बऱ्याच अंशी जाते, पण रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसणे हे दिवसेंदिवस चालूच राहते. या आजाराच्या चारांतल्या तिघांना तरी असा थकवा कमीअधिक प्रमाणात जाणवतो. म्हणूनच घरचे, स्वतः रुग्ण आणि कधीकधी डॉक्टरही 'एमएस म्हटले की थकवा आलाच' असे म्हणून तो विषय तिथेच सोडून देतात. नेमका याच ठिकाणी थायरॉइडचा आजार नजरेआड राहू शकतो. तो एका साध्या रक्ततपासणीत सापडतो आणि बहुतेक वेळा रोजच्या एका गोळीने आटोक्यात येतो. एमएसच्या थकव्यावर इतका सोपा आणि खात्रीचा उपाय अजून नाही. त्यामुळे या थकव्यातला काही वाटा थायरॉइडचा आहे का, हे पाहून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण हा संबंध एकाच वाटेने येत नाही. दोन्ही आजार शरीराच्या एकाच प्रकारच्या चुकीतून उद्भवू शकतात, ही एक वाट झाली. एमएसवरच्या काही औषधांनी थायरॉइड बिघडते, ही दुसरी वाट, आणि पुरावा पाहिला तर हीच सर्वांत ठळक आहे. याशिवाय दोन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळतात, आणि रक्ताचा अहवालच फसवा येण्याचीही शक्यता असते. या सगळ्या गोष्टी एकत्र केल्या की गोंधळ होतो, म्हणून त्या एकेक करून पाहू.

दोन आजार, एक प्रकारची चूक

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस यांतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते तसे हे आवरण असल्यामुळे संदेश वेगाने आणि न गळता पुढे जातो. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर चालून जाते, ते जागोजागी उखडले जाते, आणि त्या जागी पुढे व्रणासारखे कठीण चट्टे उरतात. पॅरिसमधले डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या चट्ट्यांची आणि रुग्णांच्या लक्षणांची सांगड घालून हा स्वतंत्र आजार आहे हे दाखवले. 2020 मध्ये जगात सुमारे 28 लाख लोकांना एमएस असल्याचा अंदाज होता, आणि त्यात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून कमी नव्हती.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. मराठीत तिला अवटु ग्रंथी असे नाव आहे, पण बोलण्यात सगळे थायरॉइडच म्हणतात. ती टी-4 आणि टी-3 हे दोन संप्रेरक तयार करते, आणि शरीराची चूल किती जोरात पेटायची हे त्यांवर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचा हुकूम पाठवून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड मंदावली की टीएसएच वाढते, आणि थायरॉइड अति काम करू लागली की टीएसएच जवळजवळ नाहीसे होते. त्यामुळे तपासणीत टीएसएच वर गेलेले दिसले, तर बहुधा ग्रंथीचे काम कमी पडते आहे असा अर्थ होतो. नव्याने अहवाल हातात घेणाऱ्याला हे हटकून उलटे वाटते.

थायरॉइडचे सगळेच विकार इथे लागू नाहीत. आहारात आयोडीन कमी पडल्याने होणारा गलगंड किंवा ग्रंथीतल्या बहुतेक गाठी यांचा एमएसशी काही संबंध नाही. संबंधाचा प्रश्न येतो तो प्रतिकारशक्तीच्या चुकीने होणाऱ्या दोन आजारांच्या बाबतीत. पहिला हाशिमोटोचा आजार. जपानी शल्यचिकित्सक हकारू हाशिमोटो यांनी 1912 मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी झाल्याचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. यात ग्रंथी हळूहळू झिजते आणि मंदावते. दुसरा ग्रेव्ह्जचा आजार, ज्याचे वर्णन डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 मध्ये केले. यात शरीरात अशी प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिने (अँटिबॉडीज), तयार होतात की ती टीएसएचची जागा घेऊन ग्रंथीला सतत कामाला जुंपतात. शरीर स्वतःच्याच अवयवावर उलटू शकते हे 1956 मध्ये ज्या संशोधनांतून पटले, ती थायरॉइडवरचीच होती. त्याआधी ही कल्पना बहुतेकांना अशक्य कोटीतली वाटत असे.

योगायोग किती आणि नाते किती

एकाच बाईला एमएसही आहे आणि थायरॉइडही, असे ऐकले की पहिला विचार येतो तो एकातून दुसरा झाला असेल, असा. इथे थोडे थांबावे लागते. थायरॉइड मंदावण्याचा त्रास मुळातच इतका सर्रास आहे, आणि त्यातही स्त्रियांमध्ये कित्येक पटींनी अधिक, की एमएस असलेल्या शेकडो स्त्रियांपैकी काहींना तो केवळ योगायोगानेही असणारच. शिवाय एमएसच्या रुग्णाचे रक्त वारंवार तपासले जाते. ज्याचे रक्त जास्त तपासाल त्याच्यात दोष जास्त सापडतील, हेही लक्षात ठेवायला हवे.

हे सगळे वजा केल्यावर काय उरते? याविषयी झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत एमएसच्या रुग्णांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, थायरॉइडची प्रतिपिंडे आणि मंदावलेली थायरॉइड इतरांपेक्षा अधिक आढळली, तर काहींत फरक जवळजवळ दिसला नाही. 2015 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा एमएससोबत आढळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या आजारांत सोरायसिस हा त्वचेचा आजार आणि थायरॉइडचे विकार हे दोन सर्वांत वरच्या स्थानी होते, आणि थायरॉइडचे प्रमाण सुमारे 6 टक्के भरले. परंतु सर्वसाधारण लोकसंख्येतही थायरॉइडचे विकार काही टक्के असतातच, त्यामुळे हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. माझे मत असे की नाते असावे, पण ते मध्यम ताकदीचे आहे. एमएस झाला म्हणजे थायरॉइड होणारच किंवा थायरॉइड आहे म्हणजे पुढे एमएस येईल, असे म्हणण्याइतके ते नक्कीच नाही. हाशिमोटोच्या कोट्यवधी रुग्णांपैकी फारच थोड्यांना कधी एमएस होतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या कुणीही हातापायाला मुंग्या आल्या म्हणून लगेच घाबरून जाऊ नये.

जनुकांचा पुरावाही असाच दोन्हीकडे झुकणारा आहे. प्रतिकारशक्ती 'आपला कोण, परका कोण' हे ज्या जनुकसमूहावरून ओळखते, त्याला एचएलए म्हणतात, आणि दोन्ही आजारांचा सर्वांत मोठा आनुवंशिक धागा याच समूहात आहे. मात्र एमएसमध्ये त्यातला डीआर-15 हा प्रकार जोखीम वाढवतो, तर ग्रेव्ह्जमध्ये प्रामुख्याने डीआर-3. पीटीपीएन-22 नावाच्या जनुकातला एक बदल पहिल्या प्रकारचा मधुमेह, आमवात आणि थायरॉइडचे आजार या सगळ्यांत जोखीम वाढवतो, पण एमएसशी त्याचा तसा संबंध दिसत नाही. म्हणजे दोन्ही आजार एकाच गावचे आहेत, पण एका घरातले नाहीत. परिस्थितीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र दोन्हीकडे समान आहे आणि ती माणसाच्या हातात आहे, ती म्हणजे धूम्रपान. त्याने एमएसची जोखीम वाढते, झालेला एमएस लवकर बळावतो, आणि ग्रेव्ह्जच्या रुग्णांत डोळ्यांचा त्रास चिघळतो.

बाळंतपणानंतरचे महिने

या दोन आजारांचा स्वभाव किती सारखा आहे हे सर्वांत स्पष्ट दिसते ते गरोदरपणात. पोटातले मूल अर्धे वडिलांचे असते, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने अर्धे परके. ते टिकावे म्हणून या काळात तिची प्रतिकारशक्ती काहीशी नमते घेते. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या 12 देशांतल्या एमएस असलेल्या 254 स्त्रियांवर गरोदरपणात आणि नंतर लक्ष ठेवले गेले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एमएसचे झटके, म्हणजे लक्षणे एकाएकी उद्भवण्याचे किंवा बळावण्याचे प्रसंग, सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाले, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते पूर्वीपेक्षाही वाढले, मग हळूहळू मूळ पातळीवर आले. ग्रेव्ह्जचा आजारही असाच गरोदरपणाच्या उत्तरार्धात शांत होतो आणि बाळंतपणानंतर डोके वर काढतो. एमएसशी काहीही संबंध नसलेल्या स्त्रियांतही साधारण 5 टक्के जणींना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येते. त्यात आधी काही आठवडे संप्रेरक जास्त, मग काही महिने कमी, आणि बहुतेकींत वर्षभरात पुन्हा ठीक, असा क्रम असतो.

आता तीन महिन्यांचे बाळ असलेली, एमएसची रुग्ण असलेली आई डोळ्यांसमोर आणा. ती थकलेली आहे, तिचे हृदय धडधडते, हात थरथरतात, रडू येते. याला जागरण म्हणावे, बाळंतपणानंतरचे नैराश्य म्हणावे, एमएसचा नवा झटका म्हणावे की थायरॉइडची सूज? चारही उत्तरे शक्य आहेत, आणि ती एकाच वेळीही खरी असू शकतात. अशा वेळी टीएसएच आणि टी-4 तपासून घेतले नाही, तर हे कोडे सुटतच नाही.

औषधाने उलगडलेले नाते

एमएस आणि थायरॉइड यांच्या नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो एका औषधातून. अलेमट्युझुमॅब हे प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंड केंब्रिजमध्ये तयार झाले. ते लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी-52 नावाच्या खुणेला चिकटते आणि त्या पेशी जवळजवळ पुसून टाकते. ज्या पेशी मायलिनवर हल्ला करतात त्याच नाहीशा झाल्या की आजार थांबेल, हा विचार सरळ होता, आणि 1991 पासून केंब्रिजमध्ये एमएसच्या रुग्णांवर तो वापरून पाहिला जाऊ लागला. झटके खरोखरच थांबले. पण 1999 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी कळवले की उपचार झालेल्या 27 रुग्णांपैकी 9 जणांना, म्हणजे एक तृतीयांश लोकांना, ग्रेव्ह्जचा आजार झाला होता.

हे इतके अनपेक्षित होते की त्याचा खुलासा शोधणे भाग पडले. आज मान्य असलेले स्पष्टीकरण असे आहे. औषधानंतर सगळ्या लिम्फोसाइट पेशी एकाच वेगाने परत येत नाहीत. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशी सहाएक महिन्यांत परततात आणि पूर्वीपेक्षाही जास्त होतात, तर टी पेशींची संख्या भरून यायला कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. मधल्या काळात ज्या थोड्या टी पेशी वाचलेल्या असतात, त्याच भराभर वाढून रिकामी जागा भरतात. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर नजर असलेल्या पेशींना या गर्दीत वाव मिळतो, आणि त्यांना आवर घालणारी यंत्रणा अजून उभी राहिलेली नसते. ओस पडलेले शेत पुन्हा हिरवे होते, पण आधी उगवते ते तण.

आता इथेच मूळ प्रश्नाचे एक उत्तर दडले आहे. हेच औषध रक्ताच्या कर्करोगातही वापरले गेले होते, पण तिथे थायरॉइडची अशी लाट दिसली नव्हती. म्हणजे एमएसच्या रुग्णांच्या प्रतिकारशक्तीत थायरॉइडकडे वळण्याची काही सुप्त प्रवृत्ती असावी आणि औषधाने तिला मोकळी वाट दिली असावी, असे म्हणायला जागा आहे. मात्र एचआयव्हीच्या उपचारानंतर प्रतिकारशक्ती परत येताना काही रुग्णांना ग्रेव्ह्ज होतो, आणि मूळ पेशींच्या प्रत्यारोपणानंतरही थायरॉइडचे आजार दिसतात. त्यामुळे सगळे श्रेय एमएसलाच देता येत नाही. रिकाम्या झालेल्या प्रतिकारशक्तीच्या पुनर्बांधणीतच थायरॉइडला धोका असतो, हेही तितकेच खरे आहे.

अलेमट्युझुमॅबला युरोपात 2013 मध्ये आणि अमेरिकेत 2014 मध्ये एमएससाठी मान्यता मिळाली. 2019 मध्ये युरोपात इतर गंभीर दुष्परिणामांमुळे त्याच्या वापरावर बंधने आली. पहिल्या वर्षी सलग पाच दिवस आणि दुसऱ्या वर्षी तीन दिवस ते शिरेतून दिले जाते. हे घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे 30 ते 40 टक्के लोकांना पुढच्या वर्षांत थायरॉइडचा कोणता ना कोणता त्रास होतो, आणि त्याचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सर्वाधिक असते. म्हणून उपचाराआधी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी, शेवटच्या मात्रेनंतर 48 महिने होईपर्यंत, थायरॉइडची तपासणी करावी असा नियम आहे. या 48 महिन्यांत माणूस बरा झालेला असतो, कामाला लागलेला असतो, आणि तपासणी टाळावीशी वाटते. पण ती टाळू नये, कारण हे औषध शरीरातून केव्हाच गेलेले असले तरी त्याचा परिणाम मागाहून येतो. काहींमध्ये ग्रंथीला चालना देणारी आणि तिला अडवणारी अशी दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे काही महिने थायरॉइड उसळते आणि पुढे मंदावते.

एमएसवरचे सर्वांत जुने खास औषध म्हणजे इंटरफेरॉन बीटा, जे 1993 पासून वापरात आहे. त्यानेही थायरॉइडमध्ये बदल होतात, पण ते बहुधा सौम्य असतात, बहुतेक वेळा पहिल्या वर्षात दिसतात, आणि ज्यांच्या रक्तात थायरॉइडची प्रतिपिंडे आधीपासून असतात त्यांच्यात अधिक होतात. पुष्कळदा ते आपोआप ओसरतात आणि औषध बंद करावे लागत नाही. उपचार सुरू करण्यापूर्वी टीएसएच आणि टीपीओ प्रतिपिंडे (थायरॉइडवर उलटणारी प्रतिपिंडे) तपासून घेतली, तर पुढे झालेला बदल नवा की जुना हे ठरवता येते. एमएसवरच्या बाकीच्या बऱ्याच औषधांच्या बाबतीत थायरॉइडचा प्रश्न इतका मोठा नाही.

लक्षणे कोणाची?

मंदावलेल्या थायरॉइडने थकवा, बद्धकोष्ठता, विसराळूपणा, उदासी, स्नायूंत दुखणे आणि हातांना मुंग्या येतात. ही यादी एमएसच्या रुग्णाला वाचून दाखवली तर तो म्हणेल, ही तर माझीच. उसळलेल्या थायरॉइडने हात थरथरतात, मांड्यांत जोर राहत नाही, आणि गरम हवा सोसत नाही. एमएसमध्येही उष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी 1890 मध्ये हे टिपून ठेवले होते. फरक सूक्ष्म आहे. थायरॉइडवाल्याला उकडते, घाम फुटतो. एमएसवाल्याची नजर गरम पाण्याने अंघोळ केल्यावर धूसर होते किंवा पाय लुळा पडतो, आणि अंग थंड झाले की परत ठीक होतो.

तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातात मात्र एक फार साधे साधन असते, ते म्हणजे रबरी हातोडी. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकून उभे करतात, पावले मागच्या बाजूला अधांतरी ठेवतात आणि टाचेच्या वर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या कंडरेवर हलकेच टकटक करतात. एमएसमध्ये पाऊल झटकन, जोराने उडते, आणि कधी थरथरत राहते, कारण मेंदूकडून येणारा लगाम सैल झालेला असतो. थायरॉइड मंदावलेली असेल तर पाऊल उडते नेहमीसारखेच, पण परत खाली येताना रेंगाळते, जणू पाण्यातून हलते आहे. जुन्या डॉक्टरांना या रेंगाळण्यावरून रक्ततपासणीआधीच निदानाचा अंदाज येत असे. हाताच्या मुंग्यांचेही तसेच आहे. थायरॉइड मंदावल्याने मनगटातली नस दाबली जाते, तेव्हा मुंग्या अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांत येतात आणि रात्री जास्त छळतात. एमएसच्या मुंग्या अशा ठरावीक बोटांची मर्यादा बहुधा पाळत नाहीत. एकाचे दोन दिसणे हे लक्षण दोन्हींत येते. एमएसमध्ये दोष मेंदूच्या बुंध्यात असतो, तर ग्रेव्ह्जमध्ये डोळा फिरवणारे स्नायू सुजून ताठर झालेले असतात, आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

इथे आणखी दोन आजारांची आठवण ठेवावी लागते. प्रतिकारशक्तीच्या चुकीने थायरॉइड बिघडलेल्या काही लोकांना त्याच प्रकारच्या चुकीने बी-12 हे जीवनसत्त्व शोषता येत नाही, आणि त्याच्या कमतरतेने मज्जारज्जूला होणारी इजा एमएससारखी भासते. ती वेळेवर ओळखली तर इंजेक्शनांनी थांबते, म्हणून बी-12 तपासल्याशिवाय निदान पक्के मानू नये. दुसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, ज्यात दृष्टीची नस आणि मज्जारज्जू यांवर हल्ला होतो. तो पूर्वी एमएसचाच प्रकार समजला जाई. आता त्याचे वेगळे प्रतिपिंड माहीत आहे. या आजारासोबत थायरॉइडसारखे इतर आजार वारंवार आढळतात, आणि एमएसवरच्या इंटरफेरॉनसारख्या औषधांनी तो उलट बिघडतो. म्हणून एमएसचे निदान झालेल्या, पण मज्जारज्जूचा लांबलचक भाग सुजलेल्या आणि जोडीला थायरॉइडचा आजार असलेल्या रुग्णात हे प्रतिपिंड तपासून पाहणे रास्त ठरते.

अहवाल फसवतो तेव्हा

एमएसच्या रुग्णांपुरता खास असा एक सापळा बायोटिनचा आहे. बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व. शरीराची रोजची गरज सुमारे 30 मायक्रोग्रॅमची, आणि केस-नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतही ते काही मिलिग्रॅमच असते. पण वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये रोज 300 मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या दहा हजार पट, बायोटिन देऊन पाहण्याचे प्रयोग झाले. सुरुवातीच्या निकालांनी आशा वाटली, परंतु 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. तरीही अनेक रुग्ण ते आपल्या मनाने घेत राहिले.

अडचण अशी की अनेक प्रयोगशाळांतले थायरॉइडचे संच बायोटिनच्याच गुणधर्मावर चालतात. तपासणीतल्या प्रतिपिंडाला बायोटिनची शेपटी लावलेली असते, आणि ती शेपटी स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत घट्ट बसते. रुग्णाच्या रक्तातच भरमसाट बायोटिन असेल तर खोबणी आधीच भरून जातात. टीएसएचच्या तपासणीत जितकी प्रतिपिंडे खोबणीत बसतील तितका आकडा मोठा येतो, म्हणून तो खोटा कमी येतो. टी-4 आणि टी-3 यांच्या तपासणीत हिशेब उलटा असतो, म्हणून ते आकडे खोटे जास्त येतात. टीएसएच कमी आणि टी-4 जास्त हे तर ग्रेव्ह्जचे हुबेहूब चित्र झाले. ठणठणीत थायरॉइड असलेल्या माणसाला यावरून चुकीचे औषध सुरू होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. रक्त देण्याआधी बायोटिन घेत असल्याचे सांगावे आणि किती दिवस आधी थांबवायचे ते विचारून घ्यावे. लहान मात्रेला दोन दिवस बहुधा पुरतात, मोठ्या मात्रेला अधिक लागतात.

दुसरा फसवा प्रसंग झटक्याच्या वेळचा. एमएसचा झटका आला की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज एक ग्रॅम, असे तीन ते पाच दिवस देतात. या मात्रेने टीएसएच काही काळ दबते. त्या आठवड्यात केलेली तपासणी थायरॉइडविषयी खरे बोलेलच असे नाही, म्हणून घाई नसेल तर काही आठवडे थांबून ती पुन्हा करणे बरे.

संप्रेरक मायलिन वाचवेल का?

थायरॉइडचा मायलिनशी एक थेट संबंधही आहे. मायलिन तयार करणाऱ्या पेशी बालवयातल्या कच्च्या पेशींपासून पक्व होतात, आणि त्या पक्व व्हायला टी-3 लागते. जन्मतः थायरॉइड काम करत नसेल तर बाळाच्या मेंदूतले मायलिन नीट बनत नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइड तपासण्यामागे हेही एक कारण आहे. मायलिन नष्ट केलेल्या प्राण्यांना थायरॉइड संप्रेरक दिले असता ते अधिक चांगले भरून आले, असे प्रयोगांत दिसले आहे, आणि यावरून एमएससाठी औषध शोधण्याचे काम चालू आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की मग थायरॉइडची गोळी थोडी जास्त घेतली तर काय बिघडले. पुष्कळ बिघडते. संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले की हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. एमएसच्या रुग्णाची हाडे स्टेरॉइडमुळे आणि कमी चालण्यामुळे आधीच कमकुवत असतात, आणि तोल जाऊन पडण्याची भीतीही त्याला इतरांपेक्षा जास्त असते. त्याच्यासाठी हा सौदा फार महाग पडेल.

ज्याची थायरॉइड खरोखर मंदावली आहे त्याच्यासाठी उपचार सरळ आहे. लिव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्यासोबत घ्यायची. एमएसचे अनेक रुग्ण हाडांसाठी कॅल्शियम घेतात. ते आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे लागते. गोळी नियमित घेऊनही टीएसएच खाली येत नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी हे अंतर पाळले जाते का ते पाहावे. या औषधाचा शरीरातला निम्मा अंश जायलाच आठवडा लागतो, त्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. त्याआधी तपासले तर अर्धवट चित्र दिसते. टीएसएच योग्य पातळीत आल्यावर थकवा किती उतरला, हे रुग्णाने स्वतः नोंदवून डॉक्टरांना सांगावे. उरलेला थकवा मग एमएसचा, झोपेचा, की मनाच्या उदासीचा, याचा शोध तिथून पुढे सुरू करता येतो.